वाचकांचे प्रश्न : गव्हाला नत्र दिले की पानातली विकरे किती वाढतात?

गव्हाच्या नत्रपोषणाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात आलेली अडचण नीट उलगडली की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. कुंड्यांत गव्हाची रोपे वाढवून त्यांना नायट्रेटच्या रूपात नत्राच्या तीन मात्रा दिल्या : एका गटाला अगदी थोडी, दुसऱ्याला पुरेशी आणि तिसऱ्याला दुसऱ्याच्या दुप्पट. वरच्या पूर्ण उमललेल्या पानाचे तुकडे घेऊन नायट्रेट रिडक्टेज या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता मोजली. पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटात ती स्पष्टपणे वाढली, पण तिसऱ्या गटात पुढे वाढ दिसली नाही, आणि दोन वेळा तर ती दुसऱ्या गटापेक्षाही कमी भरली. मी सकाळी दहाला पहिल्या गटापासून सुरुवात करते. तिसऱ्या गटाची पाने काढेपर्यंत साडेचार वाजतात. पाने काळ्या पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेते. माझे मार्गदर्शक म्हणतात की नत्र जास्त तेवढे विकर जास्त, तेव्हा चूक माझ्याच हातून होत असावी. सर, नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपला हात चुकलेला नाही, वेळ चुकली आहे. मात्र आपल्या मार्गदर्शकांचे विधानही जसेच्या तसे घेता येणार नाही, म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगतो.

मुळांनी शोषलेले नायट्रेट झाडाला थेट उपयोगाचे नसते. पेशीद्रवात नायट्रेट रिडक्टेज त्याला दोन इलेक्ट्रॉन देऊन नायट्राइट बनवते. हे नायट्राइट विषारी असल्यामुळे ते लगेच हरितलवकात नेले जाते आणि तेथे नायट्राइट रिडक्टेज त्याला आणखी सहा इलेक्ट्रॉन देऊन त्याचे अमोनियम करते. त्यानंतर ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर एक एटीपी (पेशीतले ऊर्जेचे चलन) खर्चून अमोनियम ग्लुटामेटला जोडते व ग्लुटामाइन तयार होते, आणि ग्लुटामेट सिंथेज त्या ग्लुटामाइनमधील नत्राचा एक वाटा ऑक्सोग्लुटारेट या कार्बनी सांगाड्यावर चढवून दोन ग्लुटामेट मोकळे करते. त्यांपैकी एक पुन्हा त्याच फेऱ्यात जाते, दुसरे झाडाची निव्वळ कमाई ठरते. या साखळीतली पहिली कडी, म्हणजे आपण मोजलेले विकर, सर्वांत चंचल आहे. बाकीची विकरे तुलनेने संथपणे बदलतात. नायट्रेट रिडक्टेज मात्र तासागणिक बदलते.

या चंचलपणाला कारणे आहेत. नायट्रेट पेशीत पोहोचले की काही मिनिटांतच या विकराच्या जनुकाची प्रत निघू लागते आणि काही तासांत विकर तयार होते, म्हणूनच त्याला पूर्वीपासून प्रेरणक्षम विकराचे ठळक उदाहरण मानतात. पण ते टिकतही नाही. त्याचे विघटन काही तासांतच होत राहते, त्यामुळे ताजा पुरवठा थांबला की क्रियाशीलता उतरू लागते. त्यावर आणखी एक झटपट चालणारी कळ आहे. प्रकाश गेला की विकराच्या एका सेरीन अवशेषावर फॉस्फेट बसते, त्याला एक विशिष्ट प्रथिन येऊन चिकटते आणि मॅग्नेशियमच्या उपस्थितीत विकर तिथल्या तिथे निष्क्रिय होते. हे सारे मिनिटांत घडते. आपली पाने काळ्या पिशवीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत विकर हजर असूनही झोपी गेलेले असते, आणि तिसऱ्या गटाच्या बाबतीत तर दिवस उतरणीला लागल्यावर विकराची एकूण मात्राही घटू लागलेली असते. दिवसाच्या प्रकाशात या विकराची क्रियाशीलता साधारणपणे सकाळी चढते आणि पुढे उतरत जाते. आपण तीन मात्रांची तुलना करायला निघालात, प्रत्यक्षात मात्र तीन वेळांची तुलना झाली.

उपाय अवघड नाही. प्रत्येक गटातली एकेक कुंडी आळीपाळीने घ्यावी, सर्व नमुने सकाळच्या त्याच दीड-दोन तासांत संपवावेत, आणि पाने प्रकाशातच कापून लगेच द्रावणात घालावीत किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावीत. पाने वाटून अर्क काढणार असाल तर एकाच अर्काचे दोन वाटे करून एकात मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारे द्रव्य) घालून मोजावे. पहिल्या वाट्यातून विकर त्या क्षणी किती कामात होते ते कळते आणि दुसऱ्यातून ते एकूण किती होते ते कळते. हे दोन आकडे शेजारी मांडले की अर्धे वाद मिटतात.

पानाच्या तुकड्यांची पद्धत आपण वापरली आहे, तिच्याबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. त्यात तुकडे फॉस्फेटच्या द्रावणात बुडवून निर्वाताने आतली हवा काढतात, थोडे प्रोपेनॉल घालतात म्हणजे पेशीपटल सैल होते, आणि नळी अंधारात ठेवतात. अंधार मुद्दाम ठेवायचा असतो, कारण प्रकाशात हरितलवक नायट्राइटचे पुढे अमोनियम करून टाकते आणि मोजायला काही उरत नाही. ठरलेल्या वेळेनंतर द्रावणात सल्फानिलामाइड आणि नॅफ्थिलएथिलीनडायअमाइन घातले की गुलाबी रंग फुटतो व तो ५४० नॅनोमीटरवर मोजतात. हे आपण करताच. पण द्रावणात बाहेरून नायट्रेट घातले होते की नाही, हे पत्रात नाही आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. नायट्रेट घालून मोजले तर विकराची क्षमता कळते. न घालता मोजले तर विकराच्या हाताशी असलेले नायट्रेट किती, एवढेच कळते. प्रबंधांत या दोन गोष्टींची गल्लत इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिची चीडही येत नाही.

आता मार्गदर्शकांच्या विधानाकडे वळतो. नमुने बिनचूक घेतले तरी तिसऱ्या गटात दुप्पट विकर मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. नत्र अगदी तुटपुंजे असते तेव्हा त्यात थोडीशी भर घातली तरी विकर झपाट्याने वाढते. पुरवठा गरजेच्या जवळ आला की वाढीचा चढ मंदावतो आणि पुढे रेषा जवळजवळ सपाट होते. एक तर ग्लुटामाइनसारखी तयार झालेली अमिनो द्रव्ये साठू लागली की ती उलट निरोप पाठवून नायट्रेट रिडक्टेजच्या जनुकाला आवरतात. दुसरे असे की नायट्रेटपासून ग्लुटामेटपर्यंत पोहोचायला दहा इलेक्ट्रॉन, एक एटीपी आणि एक कार्बनी सांगाडा लागतो आणि हा सगळा खर्च प्रकाशसंश्लेषणाने भागवायचा असतो; कुंडीत खत वाढले म्हणून ऊन वाढत नाही. तिसरे कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. या विकराला पानात साचलेल्या नायट्रेटचा साठा चालना देत नाही, मुळाकडून रसवाहिन्यांतून त्या वेळी चढत असलेला प्रवाह देतो. मक्याच्या पानांवरील १९७६च्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसले होते : पानात नायट्रेट भरपूर असूनही प्रवाह आटल्यावर विकर घटले. जादा नायट्रेट रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत) जाऊन पडते आणि विकराच्या दृष्टीने ते कुलूपबंद असते.

हा साठा डोळ्यांनी पाहायचा असेल तर खोडाच्या बुडाशी आडवा काप घेऊन त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्लातील डायफेनिलअमाइनचा एक थेंब टाकावा, अर्थात हातमोजे आणि चष्मा घालूनच. तिसऱ्या गटातले काप पाहता पाहता गर्द निळे होतील. पहिल्या गटातले बहुधा रंग धरणारच नाहीत. विकर सपाट आणि खोड निळे, अशी जोडी दिसली की समजावे, झाडाला पचेल त्याहून अधिक नत्र दिले गेले आहे.

अखेरचे म्हणजे आकडा कशाच्या प्रमाणात काढता तेही पाहावे. भरपूर नत्र मिळालेले पान रुंद आणि पाणीदार असते, त्यामुळे दर ग्रॅम ओल्या वजनामागे विकर तेवढेच दिसते. पण फुटवे आणि पानांचे क्षेत्र वाढल्यामुळे संपूर्ण झाडाची एकूण क्षमता मात्र कितीतरी वाढलेली असते. दोन्ही आकडे द्यावेत. मार्गदर्शकांचे म्हणणे दुसऱ्या आकड्यात बरेचसे खरे ठरेल.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. आमच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात वनस्पती ग्लुटामेट डिहायड्रोजनेजच्या साहाय्याने अमोनियम सामावून घेतात असे दिले आहे. आपल्या अंकांत मात्र ग्लुटामाइन सिंथेटेजचेच नाव येते. मुलांना काय सांगावे? आणि नत्र वाढवल्यावर या जुन्या विकराचे काय होते?

उत्तर : पुस्तक ज्या काळात लिहिले गेले त्या काळात ते चूक नव्हते. ग्लुटामेट डिहायड्रोजनेज प्रयोगनळीत अमोनियम आणि ऑक्सोग्लुटारेट जोडून ग्लुटामेट बनवते, त्यामुळे सर्वांची तशी समजूत होती. १९७० मध्ये जिवाणूंत ग्लुटामेट सिंथेज सापडले आणि १९७४ मध्ये ली आणि मिफ्लिन यांनी वाटाण्याच्या हरितलवकांत तेच कार्य दाखवले, तेव्हा चित्र पालटले. कारण साधे होते : डिहायड्रोजनेजला नीट काम करायला जितके दाट अमोनियम लागते तितके निरोगी पेशीत नसतेच; ग्लुटामाइन सिंथेटेज मात्र अत्यंत विरळ अमोनियमही पकडते. पुढे १९८७ मध्ये हरितलवकातील ग्लुटामाइन सिंथेटेज नसलेली सातूची उत्परिवर्तित झाडे अभ्यासली गेली. कार्बन डायऑक्साइड भरपूर असलेल्या हवेत ती चांगली वाढत, पण साध्या हवेत आणली की प्रकाशश्वसनातून (प्रकाशात पान ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते त्या क्रियेतून) सुटणारे अमोनियम त्यांच्या पानांत साचून ती खंगत. डिहायड्रोजनेज त्यांच्यात शाबूत होते, तरी त्याने त्यांना वाचवले नाही. मुलांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुरे.

या प्रयोगातून आणखी एक बोध होतो. पानात पकडायच्या अमोनियमपैकी खतातून आलेला वाटा लहान असतो; प्रकाशश्वसनात सुटून पुन्हा पकडावे लागणारे अमोनियम त्याच्या कित्येक पट असते. म्हणूनच नत्राचा हप्ता दिल्यावर ग्लुटामाइन सिंथेटेज नायट्रेट रिडक्टेजसारखे उसळत नाही. ते पानाच्या एकूण प्रथिनांबरोबर, हरितलवकांबरोबर, सावकाश वाढते.

डिहायड्रोजनेज प्रामुख्याने तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) असते आणि बहुधा उलट दिशेने चालते : ग्लुटामेट मोडून कार्बनी सांगाडा मोकळा करते. मुळांना केवळ अमोनियम भरपूर दिले, पान जून झाले किंवा झाड दीर्घकाळ अंधारात राहून साखरेला मुकले, की त्याची क्रियाशीलता चढते. त्यामुळे नत्र वाढवल्यावर हे विकर वाढलेले दिसले तर ते पोषण सुधारल्याचे लक्षण मानण्याची घाई करू नये. अनेकदा ते ताणाचे लक्षण असते.

प्रश्न : पान पिवळे पडले म्हणजे विकरे कमी झाली असे वाचले. मग नायट्रेट रिडक्टेजच बाहेरून फवारले तर?

उत्तर : उपयोग होणार नाही. हे विकर म्हणजे प्रत्येकी सुमारे एक लाख डाल्टन वजनाच्या दोन घटकांचा भलामोठा प्रथिनरेणू आहे. तो पानाच्या मेणचट आवरणातून आणि पेशीपटलातून आत शिरत नाही आणि पृष्ठभागावर वाळून निकामी होतो. फवारून उपयोग होऊ शकतो तो विकराच्या सुट्या भागांचा. त्याच्या गाभ्यात मॉलिब्डेनम आणि लोह असते. मॉलिब्डेनमची गरज अगदी नगण्य असते, पण आम्लधर्मी जमिनीत तेही मिळेनासे होते. अशा झाडात नायट्रेट साचलेले असते आणि तरीही ते नत्राला भुकेलेले दिसते. फक्त खालची जुनी पाने पिवळी पडत असतील आणि वरची हिरवी असतील तर आधी नत्राचाच विचार करावा, कारण झाड स्वतःच जुन्या पानातली प्रथिने मोडून कोवळ्या पानांकडे नेत असते.

प्रश्न : गहू फुलोऱ्यात असताना युरियाची फवारणी केली. उत्पादन फारसे वाढले नाही, पण धान्यातील प्रथिने वाढल्याचे तपासणीत दिसले. काही पानांची टोके मात्र करपली. इतक्या उशिरा दिलेले नत्र झाड कोणत्या मार्गाने वापरते?

उत्तर : फवारलेला युरिया नायट्रेट रिडक्टेजच्या दारात जातच नाही. पानात युरिएज हे निकेलयुक्त विकर त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करते आणि तो अमोनिया थेट ग्लुटामाइन सिंथेटेजच्या हाती पडतो. म्हणजे वर सांगितलेल्या साखळीतला आठ इलेक्ट्रॉनांचा खर्च वाचतो. जमिनीतून दिलेल्या युरियाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे मातीत अमोनियम आणि पुढे जिवाणूंकडून नायट्राइट व नायट्रेट होते, आणि हवा खेळती असलेल्या जमिनीत गव्हाच्या मुळांपाशी बहुतेक नत्र नायट्रेट म्हणूनच पोहोचते. फुलोऱ्यानंतर जमिनीचा वरचा थर सुकू लागला, मुळांचा जोर ओसरला की हा मार्ग मंदावतो आणि पानातील नायट्रेट रिडक्टेजही त्याबरोबर खाली येते. त्या अवस्थेत फवारणी हा आडमार्ग ठरतो.

उत्पादन का वाढले नाही, याचे उत्तर वेळेत आहे. ओंबीत दाणे किती धरायचे हे फुलोऱ्यापर्यंत बहुतांशी ठरून गेलेले असते. त्यानंतर आलेले नत्र दाण्यांची संख्या वाढवू शकत नाही, ते आहे त्या दाण्यांत प्रथिन म्हणून भरले जाते. तपासणीत नत्राचा आकडा ५.७ ने गुणून प्रथिने काढतात, त्यामुळे दाण्यात नत्राची थोडी भर पडली तरी प्रथिनांच्या टक्क्यात ती उठून दिसते.

इथे ध्वजपर्णात, म्हणजे ओंबीखालच्या सर्वांत वरच्या पानात, काय चालते ते पाहण्यासारखे असते. गव्हात ग्लुटामाइन सिंथेटेजचे मुख्यतः दोन प्रकार आहेत : एक हरितलवकात, दुसरा पेशीद्रवात. पान तरुण आणि हिरवे असते तेव्हा पहिल्याचा वरचष्मा असतो. दाणे चिकात आले, पान जून होऊ लागले की हरितलवके मोडू लागतात, त्यांतल्या रुबिस्कोसारख्या (हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकरासारख्या) प्रथिनांचे तुकडे होतात आणि हरितलवकातील प्रकार झपाट्याने घटतो. पेशीद्रवातील प्रकार मात्र टिकून राहतो किंवा वाढतो, विशेषतः शिरांच्या आसपास. मोडलेल्या प्रथिनांतून सुटलेले अमोनियम तो ग्लुटामाइनमध्ये बांधतो आणि तो माल अन्नवाहिन्यांतून ओंबीकडे रवाना होतो. दाण्यातील बहुतांश नत्र असे पानांतून आणि खोडातून उचललेले असते. नत्र तुटपुंजे असलेल्या पिकात हा बदल लवकर सुरू होतो, भरपूर असलेल्या पिकात लांबतो. म्हणूनच दोन शेतांतील ध्वजपर्णांची तुलना तारखेने करू नये, फुलोऱ्यानंतर किती दिवस झाले ते मोजून करावी.

करपलेल्या टोकांचा दोष सहसा अमोनियावर ढकलला जातो. सोयाबीनवरील प्रयोगांत युरिएज मुद्दाम रोखून पाहिले, तेव्हा अमोनिया कमी झाला आणि करपणे उलट वाढले. म्हणजे तिथे न मोडलेला युरियाच टोकाशी साठून पान जाळत होता. द्रावण सौम्य ठेवावे, ते बाययुरेटचे (युरियात येणाऱ्या, पानाला घातक अशुद्धीचे) प्रमाण कमी असलेल्या युरियाचे करावे आणि उन्हाच्या तडाख्यात फवारू नये, ही काळजी घेतली तर टोके बरीच वाचतात.

प्रश्न : ही विकरे जास्त असणारे वाण निवडले तर कमी खतात जास्त प्रथिनांचा गहू मिळणार नाही का?

उत्तर : ही आशा जुनी आहे, आणि नायट्रेट रिडक्टेजच्या बाबतीत तिची निराशाच झाली. तंबाखूत या विकराचे जनुक वाढीव चालवून पाहिले. क्रियाशीलता वाढली, पानातले नायट्रेट घटले, पण झाड काही जास्त वाढले नाही. पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे हे विकर पुरवठ्याच्या मागून चालते. मागून चालणाऱ्याला ढकलून पुढच्याची चाल वाढत नाही. ग्लुटामाइन सिंथेटेजच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. गव्हाच्या संकरज पिढीत ध्वजपर्णातील या विकराची क्रियाशीलता ठरवणारे गुणसूत्रांचे काही भाग आणि दाण्यातील नत्र ठरवणारे भाग एकाच जागी आढळले आहेत. मक्यात पेशीद्रवातील प्रकाराची दोन जनुके बंद केली तेव्हा दाण्यांची संख्या आणि आकार घटल्याचे २००६ मध्ये दाखवले गेले.

तरी सर्वांत ठळक परिणाम करणारे जनुक विकराचे निघालेच नाही. रानटी एमर गव्हातून आलेले आणि ६बी गुणसूत्रावरचे एक जनुक पान पिकण्याचा वेग ठरवते. ते चालू असले की पान लवकर पिवळे होते आणि नत्र, जस्त व लोह दाण्यात अधिक उतरते. प्रचलित गव्हाच्या बहुतेक वाणांत ते निकामी झालेले आहे. २००६ मध्येच या कुळातील जनुकांचा आवाज दाबून पाहिला तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली आणि दाण्यातील प्रथिने तीस टक्क्यांहून अधिक घटली. म्हणजे शेवटपर्यंत हिरवेगार दिसणारे शेत पाहून समाधान वाटले तरी त्या पानांतले नत्र अजून दाण्यापर्यंत पोहोचलेले नसते. उलट पान फार घाईने पिकले तर दाणा भरायला दिवस अपुरे पडतात आणि तो बारीक राहतो, त्यामुळे हे जनुक परत आणताना पैदासकार प्रथिनांचा टक्का आणि दाण्याचे वजन हे दोन्ही आकडे सोबतच तपासतात.